पासवर्डांची वही

ती घटना आठवली की आधी आमच्या घरची पत्र्याची पेटी डोळ्यांसमोर येते. आम्ही सहा जणं, पेटी एकच, तिला कुलूप नाही. आईबाबा दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जात. घराण्यात पहिल्यांदा मी कॉलेजात गेलो, तेव्हा बाबांनी मला वेगळी पेटी घेतली आणि तिला कुलूप आणलं. एक किल्ली मी त्यांना देऊ लागलो.

"मले काय करायची? पेटी तुयी हाय," ते म्हणाले.

पुढे मी सेलूला ठाणेदार असताना, सायबर कॅफे नवेनवे निघाले होते तेव्हा, डी.एड. करणारी एक विवाहिता वडिलांसोबत ठाण्यात आली. सासरी कपाटाची किल्ली सासूच्या कमरेला. म्हणून मनातलं ती कॅफेत बसून स्वतःलाच ई-मेल करून ठेवायची. त्याच पत्रांचे छापील कागद जेठाच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, हाती लागले होते. "शिक्षण सोड, नाहीतर रविवारी नातेवाइकांच्या बैठकीत सगळ्यांपुढे वाचतो," असा त्याचा निरोप होता.

"पासवर्ड कुणाला सांगितला होता?"

"कोणालेच नाई, साहेब."

बसस्टँडजवळच्या पानठेलेवाल्याने खबर दिली, "कॅफेवाल्याची वही पाहून घ्या. साऱ्या गावाच्या किल्ल्या तिथंच हायेत."

वही गल्ल्यावर उघडीच होती. पानोपानी नावं, पुढे पासवर्ड. कॅफेवाल्याला ठाण्यात आणून चहा दिला. आपण भलंच केलं असं ज्याला वाटतं, त्याच्यावर ओरडून उपयोग नसतो.

"लोकं विसरतात, साहेब. खातं मीच उघडून देतो, म्हून लिहून ठेवतो. मदतच करून राह्यलो."

"मग हिचा कोणाला दिला?"

त्याने कप खाली ठेवला. "जेठानं मांगतला. घरचाच माणूस, त्याले नाई कसं म्हणू?"

"तुमच्या घराची किल्ली मागितली असती तर?"

"जबाब लिहून घ्या, साहेब," तो म्हणाला.

त्याच्या जबाबावरून गुन्हा नोंदवला आणि शनिवारीच जेठाकडून कागद जप्त केले. पंचनाम्यात पानांची संख्या लिहिली, मजकूर लिहिला नाही. पाकीट सीलबंद केलं. रविवारी बैठक झाली नाही.

मग त्याच कॅफेत तिला नवा पासवर्ड टाकायला बसवलं. आमचा हवालदार सवयीने पेन काढून उभा. तिचे वडीलही पुढे वाकले, "बाई, मले सांगून ठेव, विसरशीन."

"काका, इकडे या," मी म्हणालो. आम्ही तिघंही रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. मागे टकटक ऐकू आली, थांबली, पुन्हा झाली.

"झालं, साहेब," ती म्हणाली. ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा ती हसली.

आता आपण फोटो, कागदपत्रं कुठल्या दूरच्या कंपनीच्या संगणकावर ठेवतो. कुलूप आहे ना, एवढंच विचारतो. किल्ली कोणाजवळ आहे, हे विचारायला मला त्या वहीने शिकवलं.

तिने डी.एड. पूर्ण केलं. आंजीकडच्या एका शाळेत ती शिक्षिका झाली. केसच्या कागदांत सगळं आहे. तिचा नवा पासवर्ड कुठेच नाही.