होडीला घातलेलं कुलूप

माझी सगळी नोकरी दौंडच्या रेल्वे यार्डात झाली. मालगाडीच्या उभ्या वाघिणी घरंगळू नयेत म्हणून चाकाखाली लाकडी पाचर ठोकायची, वर चेन आणि कुलूप. माझ्या पाळीत एकही वाघीण वीतभर हलली नाही, हे मी अजून येता-जाता ऐकवतो. बायको म्हणते, "झालं सुरू!"

ती इनामगावची. सगळं लहानपण घोड नदीत, होडीत गेलेलं. लग्नानंतर बिचारीनं तीस वर्षं क्वार्टरमध्ये बसून इंजिनांचे भोंगे ऐकले. म्हणून निवृत्त झाल्यावर खास तिला बसवायला मी भीमेवर एक जुनी होडी घेतली. तर बाईसाहेब काठावरच थबकल्या. होडी मी दोन्ही टोकांनी आखूड चेननं खुंट्यांना जखडली होती, वर दोन कुलपं.

"आवो, धरणाचं पाणी सुटलं की नदी चढती. जरा सैल सोडा."

"हलता कामा नये!"

"मग मी न्हाई बसायची. ज्याला होडी बांधता येत न्हाई, त्याच्या होडीत कोण बसंल?"

असा संताप आला मला! दोन्ही कुलपं पुन्हा ओढून पाहिली आणि घरी निघालो.

तिसऱ्याच दिवशी सकाळी नदीकाठच्या मळ्यातल्या मामांचा फोन. "पळा, पळा! पाणी चढलंय, आन् होडी बुडाया लागली!" जाऊन बघतो तर चेननं होडी खालीच धरून ठेवलेली, पाणी आत शिरतंय. कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. कुलपं पाण्याखाली, किल्ली हातात, आणि भोक काही सापडेना! बायको काठावर हसून हसून बेजार. अखेर दुसरं कुलूप निघालं, होडी उसळून वर आली आणि मी पाण्यात आडवा.

मामांकडून लांब दोर मागून तिनं तो बाभळीला उंच बांधला, चांगला सैल सोडला आणि सुरगाठ मारली. मग ती सोडून मला मारायला लावली. चारदा चुकलो, चारदा बोलणी खाल्ली.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. होडी त्याच्याबरोबर खाली आली होती, मजेत तरंगत होती. बायकोनं माझी गाठ नीट पाहिली, पदर खोचला आणि पुढं जाऊन बसली. "चला."

मधोमध गेल्यावर तिनं हात पाण्यात सोडला. किती खूश होती! मग एकदम मागं वळून म्हणाली, "आधी का न्हाई वो आणली होडी?"

खरं म्हणजे, तोवर मला सुचलंच नव्हतं.