कशालाकाकांची वेबसाइट

डुप्लिकेट किल्ली करायला आलेल्या माणसाला कुठलाही किल्लीवाला विचारतो, किती हव्यात. कोपऱ्यावरच्या या दुकानात मात्र आधी विचारलं जायचं, "कशाला?" नवऱ्यासाठी, म्हटलं तर "त्यांची कुठे गेली?" हरवली, म्हटलं तर "कुठे?" कुठे हरवली ते ठाऊक असतं तर हरवली कशाला म्हटली असती, असं एक शिक्षिका बोलून गेली. तिची किल्ली तीन दिवस लांबली. गल्लीने या गृहस्थांचं नाव कशालाकाका ठेवलं ते असं. पण चाळीस वर्षांत त्यांनी घासलेल्या एकाही किल्लीने चोराचं भलं झालं नव्हतं, आणि याचा त्यांना इतका अभिमान होता की नावाचा रागही येत नसे.

अशा माणसाची वेबसाइट करायला त्यांची भाची बसली. आठवडाभर नोकरीत दुसऱ्यांच्या वेबसाइट करायची आणि सुट्टीच्या दिवशी मामाची, असा तिचा बेत.

"एक तयार सांगाडा मिळतो, मामा. आपण मजकूर लिहायचा, फोटो लावायचे. पानं कशी दिसायची, कुठे जोडायची, ते सगळं तो बघतो."

"कितीला?"

"फुकट."

काकांनी हातातली कानस खाली ठेवली. "मालक कोण?"

"एक असा कोणी नाही. जगभरातली माणसं मिळून लिहितात. ओपन सोर्स म्हणतात त्याला. आतलं सगळं कोणालाही उघडून वाचता येतं."

"चोरालासुद्धा?"

"चोरालासुद्धा. पण हजार शहाणी माणसंही वाचतात ना."

"शहाणी माणसं दुसऱ्याच्या कुलपात डोकं घालत नाहीत," काका म्हणाले आणि पुन्हा घासायला लागले.

तरी वेबसाइट झाली. त्यातल्या फोटोत काका गिऱ्हाइकाकडे अशा नजरेने बघत होते की त्याने आपण होऊन गुन्हा कबूल करावा. भाचीने दिलेली पासवर्डची चिठ्ठी त्यांनी पाठ केली, फाडली आणि तुकडे दोन वेगळ्या डब्यांत टाकले. मग रोज सकाळी चहाबरोबर वेबसाइटची आतली बाजू उघडून बघायची सवय लागली. आत काय चाललंय ते कळत नव्हतं, पण नजर असलेली बरी.

तिथे अधूनमधून एक लाल ठिपका येई: नवी आवृत्ती आली आहे. आणि काही वेळाने तो आपला आपण नाहीसा होई, कारण भाचीने सगळं आपोआप अपडेट होईल असं लावून ठेवलं होतं. काकांना हे कळलं तेव्हा चहा निवला. म्हणजे कोणीतरी अनोळखी माणूस येतो, आपलं कुलूप बदलून जातो, फुकट, आणि आपल्याला विचारतही नाही! त्यांनी अर्धा दिवस घालवून ते बटण शोधलं आणि बंद केलं. 'आपोआप' या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हताच. आपोआप बंद होणारी दारंच तर त्यांना रोज उघडून द्यावी लागत. भाचीला त्यांनी काही सांगितलं नाही.

पुढे तीन आठवड्यांनी मोठं काम चालून आलं. पलीकडच्या रस्त्यावरच्या इमारतीतल्या बेचाळीस दारांची कुलपं बदलायची होती. एवढं मोठं काम काकांच्या दुकानाला कधी मिळालं नव्हतं. एकीकडे काका, दुसरीकडे पुलाजवळचं काचेचं मोठं दुकान. इमारतीच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "तुमची वेबसाइट बघते आणि सोमवारी अकराला येते."

सोमवारी नऊला काकांनी वेबसाइट उघडली. पानभर केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती होत्या. फोटो मात्र काकांचाच होता, टकलासकट.

त्यांचा पहिला संशय काचेच्या दुकानावर गेला. दुसरा, इंटरनेटची तार जोडायला आलेल्या माणसावर. त्याने दोनदा पाणी मागितलं होतं. तिसरा भाचीवर गेला, पण तेवढ्यात तिलाच फोन करायचा होता म्हणून मागे घेतला.

ती धावत आली, कॉम्प्युटरवर बसली आणि थांबली. "मामा, अपडेट कोणी बंद केलं?"

काकांनी चष्मा पुसायला घेतला.

"ज्या फटीतून कोणीतरी आत शिरलंय, तिची दुरुस्ती कधीच येऊन गेलीय. हे बघा."

एका अनोळखी माणसाने त्या दुरुस्तीच्या पानावर सगळं उघड लिहून ठेवलं होतं: फट कुठे आहे, कशी सापडली, कशी बुजवायची, कोणी कोणी तपासून पाहिलं. काकांना निम्मं कळलं नाही. पण कुलपाचा खटका पूर्ण बसत नाही हे हाताला जाणवलेला माणूस कसा बोलतो, ते त्यांना ठाऊक होतं.

"याला काय मिळालं?"

"आभार मानलेत ना खाली."

"बस?"

"बस."

"मग नक्कीच काहीतरी असणार."

भाचीने आपल्याकडच्या जुन्या प्रतीवरून वेबसाइट पुन्हा उभी केली, दुरुस्ती लावली, पासवर्ड बदलला. अकराला पाच कमी असताना जाहिराती गेल्या, आणि सेक्रेटरीबाई दारात आल्या.

"सकाळी मी तेल बघितलं," त्या बसायच्या आधीच म्हणाल्या.

"सर्व्हरचा घोळ म्हणा," भाची कुजबुजली.

काकांनी तिच्याकडे बघितलंही नाही. "बाई, आत कोणीतरी शिरलं होतं. दुरुस्ती आली होती, ती मी लावू दिली नाही. मला वाटलं, फुकट देतोय म्हणजे चोरच असणार. हिची चूक नाही, माझी आहे."

बाई पर्स टेबलावर ठेवून बसल्या. "त्या काचेवाल्यांना मी विचारलं, तुमचं कुलूप कधी फुटलंय का? म्हणाले, कधीच नाही. आमच्याकडे दोन फुटलीत. दोन्ही त्यांचीच." त्यांनी पर्स उचलली. "पहिल्या मजल्यावरची सहा दारं करा. महिनाभर बघते, मग बाकीची. आणि येताना भाचीला आणा."

बाई गेल्या तरी काका रस्त्याकडे बघत राहिले.

"सहाच का दिली असतील?"

"मामा, काम मिळालंय."

"मिळालं गं. पण इतकं सहज?" ते कॉम्प्युटरजवळ आले आणि तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. "ते आपोआपचं बटण चालू कर. आणि त्या दुरुस्तीवाल्याला दोन ओळी लिही."

"आभाराच्या?"

"त्याही लिही. पण आधी विचार, आणखी कुठे काही सापडलंय का, आणि सापडलं असेल तर अजून सांगितलं का नाही."