ज्येष्ठतेनुसार संशोधन

माझ्या लग्नाची पत्रिका धारणकर सरांनी लाल शाईने तपासून मला परत दिली होती. विभागात रुजू होऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. पत्रिकेत मुहूर्त दुपारी बारा बेचाळीसचा होता आणि भोजनाची वेळ छापली होती बारा ते तीन. सरांनी दोन्ही आकड्यांभोवती गोल केले, मध्ये एक बाण काढला आणि समासात लिहिलं, 'विसंगती'. खाली सही आणि तारीख. लग्नाला ते आले नाहीत. सुट्टी संपवून मी परत आले तेव्हा म्हणाले, "दुरुस्त प्रत मिळाली नाही, मॅडम." मला तो विनोद वाटला आणि मी घरी सगळ्यांना सांगून हसवलं. पुढची काही वर्षं मला या माणसाचं हसू येत राहिलं, हीच माझी चूक झाली.

नाशिकच्या एका कॉलेजात आमचा पदव्युत्तर गणित विभाग होता आणि नव्वदच्या दशकात धारणकर सर त्याचे प्रमुख होते. पंचवटीतून स्कूटरवर यायचे. सफारी सूट, खिशाला दोन पेनं, आणि डब्यात वर्षानुवर्षं पोळी आणि कोरडी भाजी. शिकवायचे मात्र उत्तम, हे मला कबूल करावंच लागेल. फळ्यावरच्या प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचे आणि तासाच्या शेवटी शेवटची ओळ बरोबर फळ्याच्या तळाशी यायची. दरवर्षी तोच तास, त्याच ठिकाणी तोच खोकला. मुलांनी शंका काढली की म्हणायचे, "सिद्ध करा किंवा बसा." बहुतेक मुलं बसायची. आम्हा शिक्षकांना ते दुसरं वाक्य ऐकवायचे. "क्रमाने, मॅडम, क्रमाने." चहा हा क्रमाने, रजा ही क्रमाने, खिडकीजवळची खुर्चीही क्रमाने. सेवाज्येष्ठतेची यादी त्यांना तोंडपाठ होती. मी त्या यादीत सहावी, म्हणजे शेवटची होते.

त्यांनी आयुष्यात एकही शोधनिबंध लिहिला नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, आमच्यापैकी बहुतेकांनी लिहिला नव्हता. पण एका वर्षी कॉलेजचं मूल्यमापन करायला बाहेरची समिती येणार असं ठरलं, आणि प्रत्येक विभागाने आपली संशोधन क्षेत्रं जाहीर करावीत असा आदेश निघाला. दुसऱ्या कुठल्याही प्रमुखाने आपल्या माणसांना विचारलं असतं, बाबांनो, कोण कशात काम करतं? धारणकर सरांनी एम.एस्सी.चा अभ्यासक्रम समोर घेतला, त्यातले विषय वरून खाली उतरवले आणि शेजारी ज्येष्ठतेनुसार आमची नावं लिहिली. बीजगणित स्वतः सर. विश्लेषण दुसऱ्याचं. तिसऱ्या क्रमांकावर अहिरे सर, त्यांना टोपोलॉजी. असं करत सहाव्या क्रमांकावर द्रव गतिशास्त्र आणि पुढे माझं नाव. सातवा विषय होता आलेख सिद्धांत. सातवा माणूस नव्हता, म्हणून तो विषय यादीत आलाच नाही.

पेंटरकडून लाकडी पाटी रंगवून आणली आणि विभागाच्या दारावर ठोकली. सटाण्याकडचे अहिरे सर चष्मा कपाळावर सरकवून ती बराच वेळ वाचत उभे राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "टोपोलॉजी सोडून पंचवीस वर्षं झाली मला. पण पाटी बरी शे."

मी हसले नाही, कारण माझं काम आलेख सिद्धांतात होतं. तीन वर्षांपासून मी पीएच.डी.साठी नोंदणी केलेली होती. माझे मार्गदर्शक पुण्याला होते. महिन्यातून दोन शनिवारी पहाटेची एसटी पकडून मी पुण्याला जायची आणि रात्री उशिरा परतायची. माझा प्रश्न कोणालाही सांगता येईल इतका साधा होता. ठिपके आणि रेघांचं फांद्या फुटलेलं एक झाड घ्यायचं. जितके ठिपके तितके आकडे, शून्यापासून सुरू करून, प्रत्येक ठिपक्याला एक. आकडे असे वाटायचे की रेघेने जोडलेल्या दोन ठिपक्यांची वजाबाकी दुसऱ्या कुठल्याही रेघेवर पुन्हा तीच येऊ नये. सगळ्याच झाडांना हे जमतं का, ते जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. एका जातीच्या झाडांना जमतं हे मी सिद्ध करत होते. निफाडला माहेरी गेले तरी वह्या बरोबर असायच्या. एकदा वडील बागेतून आले आणि माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाले, "सुमे, छाटलेली काडी काढली का काय? अन् हे आकडे कशाला टाकले?" मी सांगितलं. ते दोन मिनिटं खाली बसले, बोटाने रेघा मोजल्या. "म्हंजे कोन्ती बी वजाबाकी दोनदा येऊ द्यायची नाय. लय किचकट काम हे तुझं," म्हणाले आणि पाय धुवायला गेले. चौथी शिकलेल्या माणसाला दोन मिनिटांत कळलं.

धारणकर सरांना मी पाटी लागल्यावर दुसऱ्याच दिवशी भेटले. माझी वही उघडून समोर ठेवली. या विषयात झाडांच्या जातींना गमतीदार नावं आहेत, एकीला अळी म्हणतात, दुसरीला शेवंड. सरांनी पानं उलटली. "अळ्या आणि शेवंडं? प्राणिशास्त्र विभाग वरच्या मजल्यावर आहे, मॅडम." मी म्हटलं, सर, पाटीवर माझ्या नावापुढे निदान खरं क्षेत्र तरी लिहा. त्यांनी वही बंद करून, कडा जुळवून, माझ्याकडे सरकवली. "तुम्ही एक वर्ष उशिरा लागला असता आणि तुमच्या आधी कोणी आलं असतं, तर सातव्या क्रमांकाने ते तुम्हाला मिळालं असतं. आता कसं देणार?" ते चेष्टा करत नव्हते, खरोखर अडचण सांगत होते.

समिती आली. तिघेजण, गळ्यात हार, हातात नारळ. त्यांच्यातला एक गणिताचाच होता आणि दुर्दैवाने त्याचं आयुष्य द्रव गतिशास्त्रात गेलं होतं. पाटी वाचून तो आनंदाने माझ्याकडे वळला आणि विचारलं, तुम्ही कुठल्या प्रकारच्या प्रवाहावर काम करता? धारणकर सर माझ्या शेजारी उभे होते. मी म्हटलं, "मी त्यात काम करत नाही. माझं काम आलेख सिद्धांतात आहे. ही वाटणी ज्येष्ठतेप्रमाणे झाली आहे." सर शांतपणे म्हणाले, "मॅडम नवीन आहेत." मी तेव्हा सहा वर्षं तिथे होते. समितीने वहीत काहीतरी लिहिलं आणि सगळे चहाला गेले.

सर माझ्यावर एका शब्दाने रागावले नाहीत. दीड वर्षाने माझा प्रबंध लिहून झाला. मार्गदर्शकांनी वाचून पास केला. नोंदणीची मुदत एकदा वाढवून घेतलेली होती, ती पुन्हा वाढणार नव्हती. सादर करायला चार महिने हातात होते. नोकरी करणाऱ्या उमेदवाराला विभागप्रमुखाचा एक दाखला जोडावा लागायचा, की हे काम विभागाच्या संशोधन क्षेत्रात बसतं. चार ओळींचा मजकूर, खाली सही. मी तो टाइप करूनच नेला, सोबत प्रबंधाची प्रत ठेवली. सरांनी वाचला आणि उठून दारापर्यंत गेले, मला पाटी दाखवायला. "तुमच्या नावापुढे काय आहे?"

"द्रव गतिशास्त्र, सर."

"मग आलेख सिद्धांतावर मी सही कशी करू? उद्या कोणी विचारलं तर?"

कोणीही विचारणार नव्हतं. मी ते सांगितलं. ते म्हणाले, "गणितात 'कोणी विचारणार नाही' ही सिद्धता नसते." मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले ही विभागाची अंतर्गत बाब आहे. माझ्या मार्गदर्शकांनी पुण्याहून फोन केला, तर सर त्यांच्याशी अर्धा तास अत्यंत आदराने बोलले आणि नाही म्हणाले. नवरा म्हणाला, समितीसमोर तू त्यांचा अपमान केलास, दोन शब्द माफीचे बोल आणि सही घे. मी बोलले नाही. साडेचार वर्षांच्या कामासाठी दोन शब्द मी का गिळू शकले नाही, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. पण माफी मागूनही काही झालं नसतं असं मला आता वाटतं. त्यांच्या मनात राग असता तर तो कधीतरी शांत झाला असता. त्यांच्या मनात फक्त यादी होती.

शेवटी त्यांनी वाट सुचवली. अपवाद म्हणून अर्ज करा, विभागाच्या बैठकीत ठेवतो. बैठक महिनाअखेरीला. बैठकीत ठरलं, अर्ज विचारार्थ घ्यावा. पुढच्या बैठकीत विचार झाला आणि सर्वांनी, अगदी सरांनीही, अनुकूल मत दिलं. फक्त इतिवृत्त कायम व्हायचं होतं, ते पुढच्या महिन्यात. त्या महिन्यात अहिरे सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटर दाराशी स्टूल टाकून बसलेला. अहिरे सर गेले म्हणून चौथा तिसरा झाला, टोपोलॉजी त्याची. पाचव्याला चौथं क्षेत्र. मी सहावीची पाचवी झाले आणि माझ्या नावापुढे अवकल समीकरणं आली. मी ती रंगताना पाहिली, ओला रंग होता.

मी दाखला मागायला गेले तेव्हा सरांनी माझा अर्ज फायलीतून काढून ठेवला होता. "यात तुम्ही लिहिलंय, द्रव गतिशास्त्राऐवजी. आता ते तुमचं क्षेत्रच नाही. ही जुन्या स्थितीवरची मागणी आहे. नव्याने अर्ज करा, मॅडम. क्रमाने होईल."

"सर, मुदतीला नऊ दिवस राहिलेत."

"मला कल्पना आहे," ते म्हणाले. "मी तुमच्या बाजूने मत दिलंय."

मुदत एका शनिवारी संपली. त्या दिवशी मी पुण्याला गेले नाही. सकाळचे दोन तास घेतले आणि घरी जाऊन झोपले.

नव्याने नोंदणी करता आली असती, सगळे तेच सांगत होते. मी करायचीही ठरवली होती. पण दहा-अकरा महिन्यांनी मार्गदर्शकांनी एका परदेशी नियतकालिकातल्या लेखाची झेरॉक्स टपालाने पाठवली. लेखक दोघे, दोघांची नावं मला नीट उच्चारता येईनात. तेच झाड, तोच निष्कर्ष, सिद्धता माझ्यापेक्षा थोडी लांब. गणितात दुसऱ्यांदा सिद्ध केलेल्याला काही अर्थ नसतो. माझ्या प्रबंधाचा कणाच त्या नऊ पानांत गेला होता.

ती पानं घेऊन मी सरांच्या टेबलापाशी गेले. त्यांना लाज वाटावी एवढीच माझी इच्छा होती, ती लपवत नाही. मी म्हटलं, "हे माझं काम आहे, सर. दुसऱ्यांच्या नावाने छापून आलंय." त्यांनी डबा बाजूला सारला, हात पुसले आणि पहिलं पान सावकाश वाचलं. मग वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आनंद होता. "चांगलं झालं, मॅडम. म्हणजे तुमचं बरोबर होतं."

त्यांनी ते मनापासून म्हटलं. माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर चार महिने होता, आणि तो बरोबर आहे की चूक, हे त्यांना तोपर्यंत कळलेलंच नव्हतं. मी झेरॉक्स उचलली आणि तासाला गेले. ते निवृत्त होईपर्यंत कामापुरतं सोडून मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

गेल्या महिन्यात सर गेले. वरचे एकेक निवृत्त होत मीच आता विभागप्रमुख आहे, म्हणून शोकसभेत दोन शब्द मलाच बोलावे लागले. खोटं बोलायचं नाही एवढं ठरवून उभी राहिले. त्यांच्या तासाबद्दल बोलले, ते खरंच होतं. मग काय बोलावं सुचेना आणि मी ती झेरॉक्सची गोष्ट सांगायला लागले. माझा निष्कर्ष दुसऱ्यांनी छापला, मी तो सरांना दाखवला आणि सर म्हणाले, चांगलं झालं, म्हणजे तुमचं बरोबर होतं. पुढचं बोलणार होते, पण संतापाने गळा भरून आला आणि मी खाली बसले. सभागृहात लोकांनी माना हलवल्या. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला.

बाहेर त्यांचा मुलगा मिलिंद माझ्यासाठी थांबला होता. हात जोडून म्हणाला, "मॅडम, बाबांनी कोणाचं कौतुक केल्याचं आम्ही घरात कधी ऐकलं नाही. तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. वर्षश्राद्धाला आम्ही एक छोटी पुस्तिका काढतोय. ही आठवण लिहून द्याल का?" त्याचे डोळे लाल झाले होते. मी देते म्हणाले.

त्याला अर्धीच गोष्ट माहीत आहे आणि ती मीच सांगितली आहे. उरलेली ही. पुस्तिकेत घ्यायची की नाही ते मिलिंदने ठरवावं. घेतली, तर मात्र पूर्ण घ्यावी.