तू ती नोहय

वैशाखातल्या एका सकाळी मी अमडापूरला बाबांकडे गेले. भाजीपाला पिकवण्यात ज्यांची हयात गेली, ते माझे बाबा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. मी हाक मारली. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे विचारलं, "तू कोन व?"

मला थट्टा वाटली. "मी आहे, बाबा."

"आवाज तर माह्या पोरीचाच काढून राह्यली. चेहरा बी तिचाच. पन तू ती नोहय."

शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना चिखलीला दवाखान्यात नेलं. सगळ्या रस्त्यात ते माझ्यापासून अंग चोरून, दाराला चिकटून बसले होते. बाबा मला घाबरतात, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. सोडियम फार खाली गेलं होतं, त्यानेच ओळख बिघडली होती. बीपीची गोळी अंगातलं मीठ बाहेर टाकत होती, त्यात बाबांनी स्वतःच्या मनाने मीठ जवळजवळ बंद केलं होतं. "भरून निघेल, पण हळूहळूच वाढवावं लागतं," डॉक्टर म्हणाले.

मला पाहिलं की ते कासावीस व्हायचे, म्हणून दोन दिवस मी दाराआड बसून सलाईनचे थेंब बघत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते. सोडियम क्लोराईड, म्हणजे साधं मीठ, फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. पोटच्या पोरीची ओळख त्याच्यावर उभी असेल, तर आत पलंगावर आत्ता कोण आहे?

तिसऱ्या सकाळी आतून आवाज आला, "माय, चहा घेतला का तू?" लाडात ते मला मायच म्हणतात. मी दाराशीच रडले.

घरी आल्यावर आठवड्याने मी विचारलं, "बाबा, तेव्हा डोक्यात गोंधळ होत होता का?"

"गोंधळ काईच नव्हता. सगळं साफ दिसे. आता तू माही पोरगी हायेस याची जशी खात्री हाये, तशीच तवा खात्री होती का तू ती नोहय." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मंग आताची खात्री कायच्या भरोशावर धरू?"

"रिपोर्ट नॉर्मल आलाय, बाबा."

"तो रक्ताचा आला," ते म्हणाले.

दर महिन्याला तपासणी होते, आकडे ठीक येतात. पण मी गेले की बाबा दारातच काहीतरी जुनं विचारतात. लहानपणी विहिरीत काय पाडलं होतंस, पहिल्या गाईचा रंग कोणता होता. मी उत्तर दिलं की मान डोलावतात आणि दारातून बाजूला होतात.

परवा त्यांनी विचारलं, "तुह्या मायनं तुले शेवटचं लुगडं कोनत्या रंगाचं देल्लं?"

मला आठवेना. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मग ते दार उघडंच ठेवून माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले.