दर्भाच्या पुतळ्याची उंची

बाळांनो, तुम्ही पाठवलेला बुडालेल्या युद्धनौकेचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. ‘पणजोबा आत असतील का?’ असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी तिकडच्या हवेचं विचारून विषय बदलला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. परवा उगाच पेणहून रोह्याला गेले, नदीकाठी पाच मिनिटं उभी राहिले आणि धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बस सुटायच्या आत परत फिरले. आता उत्तर लिहूनच टाकते.

माझे वडील त्या बोटीवर आगवाला होते, म्हणजे इंजिनखान्यात बॉयलर पेटता ठेवणारे. बोट लढाईत बुडाली तेव्हा मी दोन वर्षांची होते. सरकारी पत्र आलं: बेपत्ता, बहुधा मृत. आईने ‘बेपत्ता’ तेवढं धरून ठेवलं. वडील खाडीकाठी वाढलेले, भरतीच्या उलट पोहणारे. असा माणूस बुडेल कसा, असं ती येईल त्याला विचारायची. कुंकू लावत राहिली.

आमच्यात बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बारा वर्षं भरली तसे रोह्याचे काका येऊन बसू लागले. भावाला गती मिळायला हवी, हे त्यांचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. आईने बरेच महिने टोलवलं. शेवटी ते वैतागले.

“वहिनी, आता तो दारात आला तरी तू ओळखायची नायस.”

“मी ओळखीन,” आई म्हणाली. “तुमचं तुम्ही बघा, भावोजी.”

काका डोळे पुसत उठले. भाऊ त्यांचाही गेला होता. दुसऱ्या दिवशी आईने होकार कळवला.

रोह्याला कुंडलिकेच्या काठी भटजींनी पुतळा मांडला. हातभर लांब, डोक्याला नारळ. आई पाहतच राहिली.

“एवढे बुटके नव्हते ते.”

शास्त्राला एवढा चालतो, असं भटजींनी समजावलं. मला नाय चालत, असं तिने सांगितलं आणि पिशवीतून वडिलांची घरी राहिलेली एकुलती विजार आणि सदरा काढला. पुतळा त्यात भरेल एवढा हवा होता. दर्भ कमी पडला, म्हणून काकांनी जवळच्या खळ्यावरून भाताचा पेंढा आणला. दुपार झाली. पुतळा झाला तेव्हा कुणी दमून निजल्यासारखा दिसत होता. काकांनी अग्नी दिला.

परतताना आई मला हळूच म्हणाली, “आले तर घालायला काय देऊ गो आता?”

पुढे मरेपर्यंत ती बाजारात उंच माणूस दिसला की वळून बघायची.

व्हिडिओतला माणूस सांगतो की पाणी वर चढू नये म्हणून इंजिनखान्याचं झाकण वरून बंद केलं होतं. म्हणजे पोहायला मुळात वाटच नव्हती. आईने त्यांना जन्मभर पोहत ठेवलं, आणि मीही.

तर हो, ते आतच असणार. आमच्याकडे त्यांचा फोटो नाही, कपडा नाही. बोटीचा पुढचा भाग तुटून गेला आहे. इंजिनखाना अजून शाबूत आहे आणि त्याचं झाकण बंद आहे.