आईनं लावलेला पहिला फोन
परवा बाजारात लाल टिकल्यांचं पाकीट हातात घेतलं आणि आईचा पहिला मोबाइल आठवला. आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे आणि मी शाळेसाठी केजला मावशीकडं राहायचे. त्या वर्षी वडिलांनी साधा, बटणांचा फोन घेतला. आईला आकडेही ओळखू येत नव्हते. "मला न्हाई जमायचं, माय," ती म्हणाली. मग मी दोनच्या बटणावर मावशीचा नंबर ठेवला, त्यावर टिकली चिकटवली आणि सांगितलं, "एवढंच दाबून धरायचं." मावशीच्या ओट्यावर बसून तिनं ते दहादा करून पाहिलं. आत मावशीचा फोन वाजला, की ती दचकून हसायची. दोन दिवसांनी त्यांची टोळी गेली, उसाच्या शेताजवळ पाचटाच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांवर, राहायला. नंतर पंधरा दिवस फोनच आला नाही. शाळेतून आले की मी आधी मावशीचा फोन बघायचे. अखेर एका सकाळी तो वाजला. पलीकडं नुसता वारा. "आई?" मी विचारलं. "लागला का गं?" ती हळूच म्हणाली. "रोज दाबत व्हते, पर कोपीवर रेंजच न्हाई. आज कालव्याच्या भरावावर चढून आले. कुनाला इचारलं न्हाई, माझी मीच लावला." आता मी नोकरीला आहे. आई दिवसातून चारदा फोन करते, बहुतेकदा काहीच काम नसतं. मी कितीही गडबडीत असले तरी उचलते.