बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

सुनेने टेपबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती त्यांची सून नव्हती, कोटाच्या बाह्या लांब करून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक होती. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. दोन मशिनं, कापायचं टेबल आणि भिंतभर बटणांचे डबे. टेपबाईंनी चष्म्यावरून तिला एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "साडेतेवीस. उजवा खांदा जरा उतरलाय. पिशवी त्याच बाजूला घेतेस ना?"

"माप नाही घेणार?"

"घेतलं की!"

बाजाराने त्यांना टेपबाई हे नाव ठेवलं होतं ते चिडवायला. टेप त्यांच्या गळ्यात कधी कुणी पाहिलीच नव्हती. शेकडो माणसांची मापं त्यांना तोंडपाठ होती आणि कागदावर एक आकडा नव्हता.

पुढे त्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलाशी तिचं लग्न झालं आणि ती दुकानात बसू लागली. पहिला धडा बटणांचा. नवी बटणं आली की कागदावरून सोडवायची, कागद फेकायचा आणि रंग बघून खणात टाकायची. ती कागदावरचं वाचत बसली की टेपबाई ओरडायच्या, "अगं, वाचतेस काय? परीक्षा आहे का? डोळ्यांनी बघ!"

गेल्या वर्षी टेपबाई स्टुलावरून पडल्या आणि डावं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हाडं ठिसूळ झालीत म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या आणि दोन महिन्यांनी परत बोलावलं. धाकट्या बहिणीने परगावाहून हाडांच्या गोळ्यांची मोठी बरणी पाठवली. शेजारणीने एक टॉनिक सुचवलं. टेपबाईंना सगळंच पटलं.

"एकेरी टीप उसवते, दुहेरी टिकते," त्या म्हणाल्या. "हाडाचंही तेच असणार."

सुनेने बटणांचा एक रिकामा डबा घासूनपुसून घेतला. दर रविवारी ती पाकिटं फोडायची, कागद कचऱ्यात टाकायची आणि गोळ्या लावायची. पांढऱ्या लांबट एका खणात, पिवळ्या गोल दुसऱ्यात, मधाच्या रंगाच्या मऊ कॅप्सूल तिसऱ्यात. रोज सकाळी प्रत्येक खणातली एकेक वाटीत काढून टॉनिकच्या चमच्याबरोबर ती सासूबाईंच्या हातात द्यायची. एकही दिवस चुकला नाही. कॅप्सूल संपत आल्या की एक कॅप्सूल मुठीत धरून बसथांब्याजवळच्या औषधवाल्याकडे जायची आणि म्हणायची, "अशाच द्या."

मनगट जुळलं. मग डॉक्टरांकडे परत कशाला जायचं? कुणी गेलंच नाही.

चौथ्या महिन्यात टेपबाईंना तहान लागू लागली. तांब्यावर तांबे रिकामे होत आणि दर अर्ध्या तासाला लघवीची वारी. अन्न नकोसं झालं, पोट साफ होईना. "उन्हाळा बाधलाय," त्या म्हणायच्या.

मग मापं गेली.

समोरचा न्हावी वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. नवा कोट अंगात चढवला आणि आरशासमोर थबकला. "टेपबाई, मला दुसरा डावा हात फुटलाय का हो?"

दोन्ही बाह्या डाव्या होत्या. सगळे हसले. टेपबाई मात्र हसल्या नाहीत, आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

त्या रात्री जेवताना मुलगा हळूच म्हणाला, "आईचं वय झालं. या महिन्याअखेर दुकान बंद करू."

टेपबाईंनी ऐकलं होतं. सकाळी सून खाली आली तेव्हा त्या टेबलाशी बसल्या होत्या. कात्री, खडू, सुया, सगळं फडक्यात बांधून ठेवलं होतं. सुनेला बघून त्या परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "या. माप द्यायला आलात का?"

तिने त्यांचे खांदे धरले. "आई, मी आहे. मी!"

मुलगा म्हणत होता की म्हातारपण आहे, डॉक्टर काय करणार. तिने रिक्षा बोलावली आणि त्यांना घेऊन गेली.

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. "ताबडतोब भरती करा. आणि घरात त्या जे जे घेतात, ते सगळं घेऊन या."

सून डबा, बरणी आणि टॉनिकची बाटली घेऊन गेली. खरं सांगायचं तर थोड्या अभिमानानेच तिने डब्याचं झाकण उघडलं. डॉक्टरांनी मऊ कॅप्सूल चिमटीत धरली.

"ही कधी देता?"

"रोज सकाळी. एकदाही चुकले नाही."

डॉक्टरांनी ती टेबलावर ठेवली. "ही व्हिटॅमिन डीची, आठवड्यातून एकच घ्यायची असते. तीही आठ आठवडेच."

"रोज एक..." ती पुटपुटली.

"व्हिटॅमिन डी जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं. वर दुसऱ्या गोळ्यांत कॅल्शियम, बरणीत तेच, टॉनिकमध्येही तेच. रक्तातलं कॅल्शियम इतकं चढलंय की मूत्रपिंडं थकलीत. डोकंही त्यानेच गोंधळलंय. हे म्हातारपण नाही हो! पाकिटावर लिहिलेलं नव्हतं?"

लिहिलेलं होतं. पहिल्यांदा गोळ्या घेतल्या तेव्हा दवाखान्याजवळच्या औषधवाल्याने निळ्या शाईने ठळक लिहून दिलं होतं. तो निळा फराटा तिने पाहिला होता, स्वतःच्या हाताने चुरगळून टोपलीत टाकताना. चार महिने ज्या हाताने सेवा केली, त्याच हाताने ती सासूला मारत होती.

सगळ्या गोळ्या बंद झाल्या. सात दिवस सलाईन चालू होतं. सून खाटेशेजारून हलली नाही, पण पाण्याचा पेलाही नर्सला विचारल्याशिवाय द्यायची नाही. पाचव्या दिवशी टेपबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"साडेतेवीस," त्या म्हणाल्या. "पण दंड बारीक झालाय. जेवत नाहीस का गं?"

सून ओक्साबोक्शी रडली. "आई, मीच दिल्या हो सगळ्या."

"आणि वाचू नकोस असं शिकवलं कुणी?" टेपबाई म्हणाल्या. "माझी विद्या मलाच फळली. पूस ते नाक. आणि त्या न्हाव्याला सांग, उजवी बाही देते म्हणावं."

कॅल्शियम पूर्ण उतरायला आणखी दोन महिने लागले. आता डॉक्टर दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात आणि ते सांगतील तेवढीच गोळी घरात येते, पाकिटासकट. बहिणीची बरणी कपाटावर रिकामी आहे, तिच्यात टाचण्या ठेवल्यात. दुकान दहा वाजता उघडतं. काही जुनी मापं परत आली, बरीचशी आली नाहीत. टेपबाईंच्या गळ्यात आता टेप असते.